पोटासकट

टेप जाड आहे. हे पहिल्याच वाक्यात लिहून टाकते, म्हणजे तुम्हाला पुढे अंदाज बांधत बसायला नको आणि मलाही ‘भरलेली’, ‘अंगानं बरी’ असले गुळमुळीत शब्द शोधायला नकोत. तिला स्वतःलाच ते खपत नाहीत. “जाड म्हणा ना सरळ,” ती म्हणते. “अंगानं बरी म्हणजे काय? बाकीच्या काय अंगानं आजारी आहेत?”

टेप हे अर्थात आम्ही ठेवलेलं नाव. गळ्यात सदानकदा मापाची टेप, म्हणून टेप. एकदा ती सकाळी घाईघाईत टेप गळ्यात ठेवूनच पोहायच्या तलावात उतरली, तेव्हापासून हे नाव जे चिकटलं ते चिकटलंच. धंदा अल्टरेशनचा. नवा कपडा ती शिवत नाही. लोक दुकानातून हौसेनं आणतात आणि घरी गेल्यावर ज्यात मावत नाहीत, ते कपडे ती त्यांना बसवून देते. एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली तिचं दुकान आहे. मशीन, इस्त्रीचं टेबल, उभा आरसा, पडदा ओढून केलेला कोपरा आणि रस्त्याच्या बाजूला एक काचेची खिडकी, एवढाच संसार. छत म्हणजे जिन्याची उतरती पाठ. त्यामुळे उंच गिऱ्हाइकांना मान वाकवून माप द्यावं लागतं, आणि वरून कुणी धाडधाड उतरलं की दिवा हलतो.

मी तिथे पहिल्यांदा गेले ती कॉलेजातून निवृत्त झाले तेव्हा. निरोपसमारंभासाठी जुना कोट सैल करून हवा होता. तिनं कमरेभोवती टेप घातली, आणि मी कुणीही शहाणी बाई करते तेच केलं. पोट आत ओढलं.

“श्वास सोडा!” ती ओरडली. ओरडलीच. बाहेर उभा असलेला माणूस दचकला. “पोट बाहेर! खोटं माप द्याल तर खोटा कोट मिळेल!”

आयुष्यभर मी वर्गावर ओरडले, माझ्यावर असं कुणी ओरडलं नव्हतं. मला बाई आवडली. तीच मला सकाळच्या तलावावर घेऊन गेली. तिथेच दातवाली भेटली. ही दातांची डॉक्टर, आमच्यात सगळ्यात लहान, काडीसारखी सडसडीत, आणि मनगटावर पोळपाटाएवढं घड्याळ. चौथी टेपची सख्खी धाकटी बहीण. तिला आम्ही धाकटीच म्हणतो. धाकटी एका मोठ्या ऑफिसात साहेबीण आहे, नीटस आहे, आणि लोक काय म्हणतील याची तिला इतकी काळजी, की लोक काही म्हणायच्या आधीच ती लाजून घेते.

आता टेपबद्दल एक गोष्ट सांगते आणि मग पुढे जाते. दिवसभर दुसऱ्यांवर ‘श्वास सोडा’ म्हणून ओरडणारी ही बाई स्वतः काय करायची? कपडे बदलायच्या खोलीपासून पाण्यापर्यंतचं अंतर ती एका श्वासात पार करायची. छाती वर, पोट आत, ओठ घट्ट. त्या वाटेवर तिला काही विचारलं तर उत्तर मिळायचं नाही. पाण्यात गळ्यापर्यंत शिरली की मग फुस्सकन हवा सुटायची आणि बडबड सुरू. ही तिच्या आईची शिकवण. फोटो काढायचा असो, पाहुणे येणार असोत, वर्गात बक्षीस घ्यायला जायचं असो, आई मागून कुजबुजायची, “पोट आत घे गं.” आई जाऊन जमाना झाला, पण ती कुजबुज काही गेली नाही. टेपला हे कळत होतं असंही नाही. तिचं अंगच ते करायचं. पापणी लवते तसं.

आणि ती बॅगा सांभाळायची.

प्रत्येक टोळक्यात एक बॅगा सांभाळणारी असते. बाकीच्या डोंगर चढतात, ही पायथ्याशी बॅगा घेऊन बसते. बाकीच्या पाळण्यात बसतात, ही खाली सगळ्यांचे चष्मे हातात धरून उभी. कुणी ठरवत नाही, पण नेहमी तीच असते. धाकटी तर मागे वळून न बघताच हात लांब करायची. “ताई, धर जरा.” आणि ताई धरायची.

त्यामुळे दातवालीनं शनिवार-रविवार समुद्रावर जाऊन पाण्याखाली बुडी मारायची टूम काढली, तेव्हा धाकटी पटकन म्हणाली, “मस्त! ताई आहेच बोटीत. सामानाची काळजी नको.”

आम्ही तलावाच्या कडेला पाय सोडून बसलो होतो. टेप पाण्यात होती. ती उताणी तरंगते, हात डोक्यामागे घेऊन, सोफ्यावर पडल्यासारखी. तिच्याइतकं सुरेख कुणी तरंगत नाही. ती तशीच पडल्यापडल्या म्हणाली, “मी बोटीत बसणार नाही.”

“म्हणजे तू येत नाहीस?”

“येतेय. आणि खाली जातेय. सामान तुमचं तुम्ही बघा.”

“ताई, अगं, ते काय तलावासारखं आहे का? तो काळा सूट घालावा लागतो. अंगाला चिकटणारा. तुला कल्पना आहे का ते कसं...” धाकटीनं वाक्य अर्धवट सोडलं. ती वाक्यं नेहमी अशी सोडते की उरलेलं समोरच्यानं स्वतःच्याच तोंडानं पुरं करावं.

“कसं दिसेल?” टेपनं ते केलंच. “जाड दिसेल. तशी मी सूट न घालताही दिसते.”

“मी तुझ्याच भल्यासाठी बोलते.”

“माझं भलं इतकी वर्षं बॅगा धरून उभं आहे. पाय दुखले त्याचे.”

दातवाली हसली आणि मग डॉक्टर असल्याची आठवण होऊन म्हणाली, आधी हृदय तपासून घ्या, दोघींनीही. दोघी म्हणजे टेप आणि मी. मी सत्तरी ओलांडलेली आहे, म्हणून. आम्ही गेलो. आमच्या डॉक्टरनं टेपला धावत्या पट्ट्यावर चालवलं, पळवलं, कान लावून ऐकलं आणि म्हणाला, “तुमचं हृदय घोड्याचं आहे. वजन मात्र कमी करा.” टेप म्हणाली, “घोड्याचं वजन किती असतं डॉक्टर?” माझं हृदय त्यानं दोनदोनदा ऐकलं आणि शेवटी ‘हरकत नाही’ म्हणाला. तेवढं मला पुरलं.

समुद्रकाठचं ते बुडी मारायचं दुकान म्हणजे पत्र्याची लांबट शेड. आत हवेच्या टाक्या ओळीनं उभ्या, वर दांडीला लटकवलेले काळे सूट, आणि ओल्या रबराचा उग्र वास. ते चालवणारी बाई चाळिशीची, उन्हानं रापलेली, आवाज घोगरा. आम्ही लगेच तिचं नाव बुडवणारी ठेवलं. तिला ते आवडलं असावं, कारण त्या नावाला तिनं ओ दिली.

“नियम एकच,” शनिवारी सकाळी धक्क्याशेजारच्या छातीभर पाण्यात उभं करून तिनं सांगितलं. “बाकी सगळं विसरलात तरी चालेल. पाण्याखाली श्वास कधीही धरून ठेवायचा नाही. घ्या, सोडा. घ्या, सोडा. श्वास धरलात तर खाली जाणार नाही, आणि खालून वर येताना धरलात तर फुप्फुस फाटेल. कळलं?”

आम्ही चौघींनी शाळकरी मुलींसारख्या माना डोलावल्या. टेपनं सगळ्यात जोरात. तोंडात नळी धरून श्वास घ्यायला, चष्म्यात शिरलेलं पाणी नाकातून फुंकर मारून काढायला ती आमच्या आधी शिकली. धाकटी दोनदा खोकत वर आली. टेप आपली शांतपणे पाण्याखाली बसलेली, वर बुडबुडे. तिथे तिला बघायला आमच्याशिवाय कुणी नव्हतं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

मग सूट आले आणि घोळ झाला.

दातवाली पाण्यातल्या सापासारखी आपल्या सुटात शिरली. धाकटीचाही बसला. माझा बसला, आणि त्यात मी वाळत घातलेल्या छत्रीसारखी दिसत होते, असो. टेपला बुडवणारीनं दांडीवरचा सगळ्यात मोठा सूट दिला, पुरुषांचा. पाय गेले. ओढताण करून कमरेपर्यंत आला. पाठीवरची चेन मात्र हातभर उघडी राहिली. दातवाली एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं, बुडवणारी मागून गुडघा टेकवून. टेप छाती वर आणि पोट आत घेऊन लालबुंद झालेली. चेन जागची हलली नाही.

“काकू, यापेक्षा मोठा माझ्याकडे नाही,” बुडवणारी म्हणाली. टाळून नाही, सरळच. मला ते बरं वाटलं.

“सुटाशिवाय?”

“धक्क्यापाशी चाललं. बाहेर खडकाजवळ पाणी गार आहे, आणि खडक अंग सोलून काढतो. सुटाशिवाय मी कुणालाही नेत नाही. माझ्या नवऱ्यालासुद्धा नेत नाही.”

“जाऊ दे ना ताई,” धाकटी मऊ आवाजात म्हणाली. “प्रयत्न केलास, झालं. उद्या बोटीत बस छान वारा खात. आणि आमच्या बॅगाही...”

बॅगा हा शब्द तिनं उच्चारायला नको होता.

टेपनं सूट उतरवला, उलटा केला आणि शिवण बघायला लागली. माणसं वर्तमानपत्र वाचतात तशी ती शिवण वाचते. मग तिनं वर बघितलं. कोपऱ्यातल्या खिळ्याला एक सूट टांगलेला होता, एक पाय गुडघ्यापासून फाटलेला.

“तो मेलेला आहे का?”

“मेलाय. चिंध्या करायला ठेवलाय.”

“मला दे. आणि हा जिवंतही दे. दोन्ही बाजूंनी उसवून मधे मेलेल्याच्या रबराची कळी घालते.”

बुडवणारीनं एकदा सुटाकडे बघितलं, एकदा टेपकडे. “बिघडला तर?”

“आत्ता कुणाच्या कामाचा आहे तो? तुझ्या दांडीवर कधीपासून लटकतोय? यात बसेल एवढा माणूस येत नाही आणि मी मावत नाही.”

बुडवणारी हसली आणि तिनं रबर चिकटवायचा डिंक आणून दिला.

दुपारभर आम्ही आमच्या खोलीच्या व्हरांड्यात. टेप फरशीवर पाय पसरून बसलेली, मांडीवर ते काळं धूड. सुई-दोरा, मेण, बोटात घालायचं टोपण, कात्री, सगळं तिच्या पर्समध्ये होतंच. ती लग्नाला गेली तरी असतं. बगलेपासून मांडीपर्यंत दोन्ही अंगांनी तिनं सूट उसवला, मेलेल्या सुटाच्या धड पायातून लांब कळ्या कापल्या, चिकटवल्या, आणि वरून मेणाच्या दोऱ्यानं टाके घालायला घेतले. रबरात सुई जायची, पण बाहेर निघायची नाही. मग दातवाली पुढे झाली. तिच्या सामानात बारीक पकड निघाली. सुट्टीवर पकड कशाला आणलीस, हे आम्ही विचारलं नाही. टेप सुई खुपसायची, दातवाली ती उपटायची.

“अक्कलदाढेपेक्षा वाईट आहे हे.”

“दाढ रडते तरी. हे रबर मुकाट्यानं अडवतं.”

धाकटी दारात उभी राहून बघत होती. “ताई, तू हे का करतेस? कुणाला काय दाखवायचंय तुला?”

टेपनं दोरा दातानं तोडला. “कुणाला काही दाखवायचं नाही. मला बघायचंय. तू नेहमी येऊन सांगतेस, वर असं होतं, आत तसं होतं. तू वाईट सांगतेस. अर्धं वाक्य सांगतेस. मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय.”

धाकटी आत गेली. जरा वेळानं बाहेर येऊन तिनं चहाचे कप ठेवले.

रविवारी सकाळी टेपनं सूट चढवला आणि चेन सर्रकन वर गेली. दातवालीनं टाळ्या वाजवल्या. बुडवणारीनं मात्र टेपच्या कमरेपाशी रबर चिमटीत धरून ओढलं. दोन बोटं सहज आत जात होती.

“हे काय, काकू? हे सैल कशाला ठेवलंत?”

“म्हणजे? दोन बोटं सैल नको? माणूस बसतो, उठतो, जेवतो.”

“पाण्याखाली जेवायचं नाहीये! हा अंगाला चिकटूनच हवा. सैल राहिला की गार पाणी आत खेळतं. थंडी भरेल तुम्हाला.”

टेपचा चेहरा बघण्यासारखा झाला. जन्मभर तिनं लोकांच्या कपड्यांना दोन बोटं जागा दिली होती. घट्ट कपडा म्हणजे तिच्या लेखी पाप. आणि आता जगात असा एक कपडा निघाला ज्याला जागा दिली की तो निकामी.

“कपडा कुठला, शिक्षाच आहे ही,” ती पुटपुटली. मग म्हणाली, “उसवायला वेळ आहे?”

“बोट निघतेय.”

“मग थंडी वाजेल. वाजू दे.”

बुडवणारीनं विचार केला. “आत एक बनियन घाला. थोडाच वेळ खाली राहायचं. कुडकुडताना दिसलात की मी वर आणणार. तिथे वाद चालणार नाही.”

“पाण्याखाली मी वाद कसा घालणार?”

“तुम्ही घालाल,” बुडवणारी म्हणाली.

बोटीवर आमच्याखेरीज दुसऱ्याही एका कंपूची मंडळी होती. त्यांतला एक टोपीवाला, स्वतःच्या विनोदांवर स्वतःच आधी हसणारा. बोट खडकाजवळ नांगर टाकून उभी केली; नांगराचा दोर सरळ खाली वाळूपर्यंत गेलेला. बुडवणारी एकावेळी दोघींनाच नेत होती. आधी दातवाली आणि धाकटी गेल्या. आल्या तेव्हा दातवालीला बोलता येत नव्हतं, इतकी खूश. धाकटी म्हणाली, “छान होतं. म्हणजे असं निळं... आणि मग एकदम...” बघा. अर्धं वाक्य.

मग आम्ही दोघी. टेपनं बोटीच्या कडेपर्यंतची चार पावलं तलावावर चालते तशीच टाकली. ओठ घट्ट. पाठीवर टाकी, कमरेला शिशाच्या वड्यांचा पट्टा. पाण्यात पडली आणि बुचासारखी वर आली. मीही आले. बुडवणारीनं खूण केली, आम्हाला तरंगत ठेवणाऱ्या जाकिटांतली हवा सोडली, आणि मी सावकाश खाली जायला लागले. डोळ्यांसमोरून पाण्याची रेघ वर सरकली. शेजारी टेपचे पाय दिसले. फक्त पाय. ती वरच होती.

मी दोर धरून परत वर आले. बुडवणारीनं बोटीवरून आणखी शिसं मागवलं आणि टेपच्या पट्ट्यात अडकवलं.

टेपनं तोंडातली नळी काढली. “आजवर मला वजन कमी कर म्हणणारे भेटले. वाढव म्हणणारी तू पहिलीच.”

“चरबी तरंगते काकू, त्यात नवल नाही. एवढ्यानं जाल.”

नाही गेली. आणखी शिसं आलं. तरी नाही. तिला दोर ओढून खाली जायला सांगितलं, तर डोकं बुडायचं आणि पाठ वर यायची. एव्हाना बोटीवरचे सगळे कठड्याला ओळंबून बघत होते. टोपीवाला म्हणाला, फार हळू नाही, “अरे, नांगर कशाला टाकलाय? बोट हिलाच बांधा.” दोघेतिघे हसले.

ते टेपनं ऐकलं. आणि मी तिच्या शेजारी, हातभर अंतरावर होते म्हणून मला दिसलं. तिची छाती आणखी वर गेली. सूट सैल होता, त्यामुळे पोट आत गेल्याबरोबर कमरेपाशी रबराची घडी पडली.

“ताई, ये वर!” बोटीवरून धाकटीचा रडवेला आवाज. “पुरे आता! लोक हसतायत गं!”

बुडवणारीनं माझ्याकडे बघून मान हलवली. अजून शिसं लावणं धोक्याचं, म्हणाली. काकूंना वर जाऊ दे, तुम्ही चला माझ्याबरोबर.

मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलेलं आहे. शिशाचा हिशेब मला जुळत नव्हता. एवढ्या वजनाला टेप काय, इस्त्रीच्या टेबलासकट टेप बुडायला हवी होती. मग माझं लक्ष गेलं की तिच्या नळीतून बुडबुडेच येत नाहीयेत. काल धक्क्यापाशी भरपूर येत होते. ही बाई दोन फुगे फुगवून छातीत धरून बसली होती आणि आम्ही तिला शिसं बांधत होतो. मूर्ख तिघी.

मी तोंडातली नळी उपटली. खारं पाणी गिळलं. आणि तिच्या कानाशी, तिच्याच आवाजात, माझ्या घशात होता नव्हता तेवढ्या जोरानं ओरडले, “श्वास सोडा! पोट बाहेर! खोटं माप द्याल तर खोटा कोट मिळेल!”

चष्म्याच्या काचेमागे तिचे डोळे केवढे मोठे झाले. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं वर बोटीकडे बघितलं. कठड्यावरची सगळी तोंडं, टोपी, धाकटी, सगळ्यांकडे सावकाश, एकेकाकडे, गिऱ्हाइकाला आरशात बघते तसं. आणि सोडलं. केवढे बुडबुडे! पाणी उकळल्यासारखं झालं. रबराची घडी मोडली, पोट पुढे आलं, सगळंच्या सगळं, आणि टेप त्या बुडबुड्यांमधून सरळ खाली गेली. उभीच्या उभी, लिफ्टमधून गेल्यासारखी. एवढं शिसं होतं, की बुडवणारीला तिच्या मागे धावावं लागलं.

खाली काय होतं ते मी रंगवून सांगणार नाही. वाळू होती, तपकिरी गवत होतं, खडकाच्या खोबणीत एक करडा मासा होता, त्याचा चेहरा आमच्या कॉलेजातल्या हेडक्लार्कसारखा. बुडवणारीनं टेपचं जादा शिसं काढून पिशवीत घातलं, तेव्हा ती वाळूपासून वीतभर उचलली गेली आणि तशीच राहिली. ना वर, ना खाली. पालथी, हात पसरून, पोट मोकळं सोडून. तिला माशाकडे बघायचं होतं. मासा तिच्याकडे बघत होता. दोघांनाही घाई नव्हती. मी वर बघितलं तर आमच्या बोटीचा तळ दिसत होता, शेवाळलेला, सरड्याच्या पोटासारखा फिका, आणि त्या बोटीवर बसून हसणारे कुणी इथून दिसतसुद्धा नव्हते.

थंडी मात्र तिला भरली. हात थरथरायला लागले. बुडवणारीनं अंगठा वर केला. म्हणजे चला. टेपनं मान हलवली. नाही. बुडवणारीनं पुन्हा अंगठा वर केला. टेपनं दोन बोटं दाखवली. जरासं, दोन बोटं एवढंच. पाण्याखालीही तिनं घातलाच वाद. बुडवणारीनं तिच्याकडे निरखून बघितलं, स्वतःचा हात तिच्या हातात दिला, आणि ती तिघं, म्हणजे टेप, बुडवणारी आणि मासा, अजून जरा वेळ तशीच थांबली.

बोटीवर चढली तेव्हा तिचे ओठ निळे होते. सुटाच्या दोन्ही पायांतून नळ सोडल्यासारखं पाणी वाहत होतं. ती कठड्याला धरून उभी राहिली. आणि मी बघत होते; श्वास चालू होता. आत, बाहेर. पोट पुढे. एवढ्या सगळ्यांसमोर.

टोपीवाला शेजारीच होता. टेपनं दोराचं मोकळं टोक उचलून त्याच्या हातात दिलं.

“बांधा.”

“काय?”

“बोट बांधायची होती ना मला? बांधा. मी उभी आहे.”

तो गोरामोरा झाला. “अहो, मी गमतीनं...”

“करा ना गंमत. मी थांबते. तुमचं झालं की टॉवेल द्या, मला थंडी वाजतेय.”

त्यानं टॉवेल दिला. स्वतःचाच दिला. धाकटी तोवर पुढे आली होती. ती टेपची पाठ खसाखसा पुसायला लागली.

“कसं होतं?” शेवटी तिनं विचारलं.

“पूर्ण सांगू?” टेप दात वाजवत म्हणाली. “बस. वेळ लागेल.”

निघताना बुडवणारीनं तो सूट पिशवीत घालून टेपच्या हातात ठेवला. “माझ्याकडे तो कुणालाच बसणार नाही आता. घेऊन जा. पुढच्या वेळी दोन बोटं कमी करून आणा.”

पुढच्या वेळी, असं ती म्हणाली. टेपनं दुरुस्त केलं नाही.

परवा मी दुकानात गेले होते. काचेच्या खिडकीत, जिथे दुसरा कुणी चांगला शिवलेला झगा लावेल, तिथे तो सूट टांगलेला आहे. अवाढव्य, काळा, दोन्ही अंगांना वेगळ्या रबराच्या कळ्या. येणारेजाणारे थबकतात. माझ्यासमोर एकानं आत डोकावून विचारलं, “हा कुणाचा हो?” टेपनं मशीन न थांबवता सांगितलं, “माझा. पोटासकट मापाचा.”

धाकटीही ऑफिसातून परस्पर आलेली होती. “ताई, आत टांग ना गं तो. रस्त्यावरून दिसतो.”

“दिसावा म्हणूनच टांगलाय.”

“ओळखीचे लोक असतात गं माझ्या.”

“मग ओळख करून दे.”

धाकटीनं माझ्याकडे बघितलं. माझ्याकडून तिला मदत मिळणार नव्हती. टेपनं खिडकीतून सूट उतरवला, धाकटीचा चेहरा क्षणभर उजळला. पण टेपनं तो तिच्या अंगावर टाकला, टाचण्यांची उशी तिच्या तळहातावर ठेवली, आणि स्वतः गळ्यातली टेप काढून आरशासमोर उभी राहिली. दोन बोटं काढायची राहिली होती. पुढच्या शनिवारी आम्ही निघतोय.

“धर जरा,” ती म्हणाली. “आणि हलू नकोस.”

धाकटीनं सूट आणि उशी, दोन्ही धरलं. वरून कुणीतरी धाडधाड जिना उतरलं, दिवा हलला, आणि टेपनं आरशात बघत, पोट आत न घेता, स्वतःच्या कमरेभोवती टेप आवळली.